पडलेल्याची खुर्ची

हैदराबादेत, नारायणगुड्यातल्या एका मराठी शाळेत, सातवीच्या वर्गात, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटली की आम्ही जमायचो. बाकं बुटकी. चाळिशी-पन्नाशीची माणसं गुडघे पोटाशी घेऊन त्यांत कोंबून बसायची. फळ्याखाली मास्तरांची एकच धड खुर्ची असायची, ती मात्र रिकामी ठेवायची. ती अध्यक्षाची नव्हती. त्या महिन्यात ज्याचं मशीन पडलं, म्हणजे चालता चालता बंद पडलं, त्याची होती.

सभेची सुरुवात प्रार्थनेनं नाही, स्वागतगीतानं नाही. कुणीतरी मोठ्यानं विचारायचं, "इस महिने किसकी गिरी?" वर्गात तेलुगू होते, मराठी होते, जुन्या शहरातले मुसलमान होते, एक-दोन तमिळ होते. सगळ्यांना पुरेल अशी भाषा एकच, हैदराबादी दखनी. ज्याचं पडलं तो मान खाली घालून उठायचा, खुर्चीत बसायचा आणि सगळे टाळ्या वाजवायचे. पहिला चहा त्याला. खिम्याची पहिली गरम लुखमी, म्हणजे इथला चौकोनी समोसा, त्याला, शाकाहारी असला तर बटाट्याची. मग त्यानं सांगायचं, काय पडलं, कसं पडलं.

मशीन म्हणजे घरात टेबलावर बसतं ते नव्हे. मेनफ्रेम. अख्खी खोली व्यापणारं, स्वतःच्या गारव्यात राहणारं. बँका, वीज, पोलाद, गॅस, असल्या मोठ्या कारभारांकडे ते असायचं. त्यावर एक सॉफ्टवेअर चालायचं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण ते ज्या कंपनीचं आहे तिचे वकील माझ्या पगाराला परवडणारे नाहीत. काम मात्र सांगते. शेकडो खिडक्यांवरून एकाच वेळी आलेली कामं एकमेकांत न मिसळता पार पाडायची, आणि प्रत्येक काम एकतर पूर्ण करायचं, नाहीतर ते झालंच नाही असं करून टाकायचं. अर्धवट काही ठेवायचं नाही. माणसाला हे जमत नाही, म्हणून मशीनकडे दिलेलं.

ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं आमचं मंडळ. आम्ही त्याला यूजर ग्रुप म्हणायचो. आणि या मंडळाचा सगळा जीव एका रिवाजात होता. खुर्चीतल्या माणसाचं सांगून झालं की तो फक्त एक शब्द म्हणायचा, "हात." ज्यांच्याकडे तसंच पडलं असेल त्यांनी हात वर करायचा. हात वर केला म्हणजे, आमच्याकडेही हे घडलंय आणि मी ते माझ्या कचेरीच्या कागदावर सहीनिशी लिहून देईन, असा शब्द दिला. एका कचेरीतून एकच हात. पाच हात झाले की मंडळाची तक्रार सॉफ्टवेअर कंपनीकडे जायची. एकट्यानं तक्रार केली तर कंपनी उलट टपाली कळवायची की तुमच्याच माणसानं घोटाळा केला असणार. पाच कचेऱ्यांतली पाच माणसं एकाच पद्धतीनं घोटाळा करतात असं म्हणायची सोय राहत नाही. इतकं साधं होतं.

मला ते लगेच कळलं, कारण मी पत्रकांतून आलेली. कॉलेजात फीवाढीविरुद्ध लिहिलं, बसपासासाठी लिहिलं. हाताला सायक्लोस्टाइलची शाई कायम. आमची शाळा इंग्रजी-तेलुगूत झालेली. मराठी लिहायला शिकले ती मलकपेठच्या बाजारातल्या हमालांमुळे. त्यांतले बरेच मराठवाड्यातले, त्यांच्यासाठी मराठीतही पत्रक काढायचं ठरलं आणि आमच्यात मराठी घरातली मी एकटीच होते. तेव्हा प्रत्येक दुसऱ्या ओळीत उदारीकरण हा शब्द असायचा आणि प्रत्येक तिसऱ्या ओळीत देश विकायला काढल्याची बातमी. मग मी कम्प्युटरचा कोर्स केला आणि गॅस वाटणाऱ्या एका सरकारी कंपनीच्या संगणक केंद्रात लागले. सोबती म्हणाले, तू भी बिक गई. वडील म्हणाले, सरकारी आहे ना, मग बस.

केंद्रात शिफ्ट सांभाळणाऱ्या बाई होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणायचे. तेलुगू लोक त्यांच्या भाषेतली थोरली बहीण म्हणून, आम्ही आमच्या. गौलीगुड्यात त्यांचं घर, खाली नवऱ्याचं पितळी भांड्यांचं दुकान, त्यामुळे त्यांना ठोक्याठोक्याच्या आवाजात शांत बसायची सवय होती. मला लागून महिना झाला नसेल, तेव्हा त्या म्हणाल्या, "चल, तुला माझी युनियन दाखवते." आणि त्या बुटक्या बाकांवर नेऊन बसवलं.

त्या दिवशी खुर्चीत पुण्याहून नुकताच आलेला एक जण होता. इथल्या एका बँकेच्या कम्प्युटर विभागात. महिनाअखेरीला त्याच्या सगळ्या खिडक्या गोठल्या होत्या आणि वरच्यांनी त्याला सांगितलं होतं की कारण सापडलं नाही तर परतीचं तिकीट काढ. पहिला चहा त्यानं न पिताच समोरच्या बाकावर ठेवून दिला होता. त्यानं "हात" म्हटलं ते इतकं हळू, की मागच्यांना ऐकूच गेलं नाही. अक्कांनी हात वर केला.

"आमच्याकडे मागच्याच महिन्यात. देते लिहून."

त्यांच्यामागून बाकीचे चार वर गेले. तक्रार गेली, कंपनीनं दुरुस्ती पाठवली, त्याचं तिकीट रद्द झालं. पुढच्या सभेला तो लुखमीचं पुडकं घेऊन आला आणि अक्कांना म्हणाला की तुम्ही नसता तर मी आज पुण्यात असतो. अक्का म्हणाल्या, मग लुखम्या कुणी आणल्या असत्या? तेव्हापासून लुखम्या त्याच्याकडे लागल्या.

पुढं त्यानं बँक सोडली. परदेशी गिऱ्हाइकांची मेनफ्रेम इथं बसून सांभाळणारी एक नवी कंपनी निघाली होती, तिच्यात मोठा साहेब झाला. ती कंपनी त्या सॉफ्टवेअर कंपनीची भागीदार होती. त्याच्याकडे फॅक्स आला, गाडी आली, टायपिस्ट आली. मंडळाला अध्यक्ष असावा असं कुणाला तरी वाटलं आणि फॅक्स असलेला माणूस अध्यक्ष झाला. मी आता त्याला साहेबच म्हणते. आमच्याकडे ज्याच्याविषयी चांगलं बोलायचं नसतं, त्याला साहेब म्हटलं की काम होतं.

आता आमचं मशीन पडलं त्याविषयी.

दसऱ्याचा आठवडा. सकाळ. गॅस भरायच्या प्लँटच्या फाटकाबाहेर ट्रक उभे. आमचं मशीन दिवसभर हेच करायचं: एक ट्रक प्लँटच्या साठ्यातून वजा करायचा आणि एका विक्रेत्याच्या नावावर चढवायचा. वजा आणि चढव, दोन पावलं, पण काम एकच. ऐन गर्दीत सगळं थांबलं.

पडलेलं मशीन उठवायच्या दोन रीती असतात. एक वॉर्म स्टार्ट. त्यात ते आपली रोजनिशी वाचतं, कोणतं काम अर्ध्यावर होतं ते बघतं, ते मागं फिरवतं आणि मगच पुढं चालतं. दुसरी कोल्ड स्टार्ट. त्यात ते सगळं विसरून नव्यानं डोळे उघडतं. अर्धी कामं तशीच लटकून राहतात आणि कुणाची होती ते कुणाला कळत नाही. त्या वर्षी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती, आणि तिच्यात वॉर्म स्टार्टच रोजनिशी वाचता वाचता घुसमटत होता. अक्कांनी पुन्हा पुन्हा करून पाहिला. प्रत्येक वेळी त्याच जागी गळा आवळल्यासारखा थांबायचा.

त्यांनी कंपनीच्या मुंबईतल्या इंजिनिअरला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. त्या म्हणाल्या, कोल्ड केला तर अर्धी कामं लटकतील. मग ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जबाबदारी तुमची. बरं." आणि फोन ठेवून मला सांगितलं, कोल्ड कर म्हणतो. पलीकडचा आवाज माझ्या कानी पडला नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं सगळ्यांनी ते लक्षात ठेवलं.

कोल्ड केला. ट्रक हलले. दुपारपर्यंत कळलं की एका विक्रेत्याकडे दुप्पट माल गेलाय आणि मलकपेठच्या विक्रेत्याच्या वाट्याचे ट्रक साठ्यातून वजा झाले, पण त्याच्या नावावर चढलेच नाहीत. मशीनच्या लेखी त्याला काही मिळायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या बायका रिकामी सिलिंडरं घेऊन रस्त्यावर बसल्या. एक बाई सायकलरिक्षात सिलिंडर घालून थेट आमच्या फाटकावर आली. मराठीच होती. तिनं विचारलं, "पुरण काय आता तुमच्या कम्प्युटरवर शिजवू?" पहारेकरी हसला. मला हसू आलं नाही. तिचं म्हणणं बरोबरच होतं.

एवढं झाल्यावर कुणीतरी दोषी लागतंच. इंजिनिअरनं कळवलं की आम्ही फक्त पर्याय सांगितले, निर्णय तुमच्या बाईंचा. अक्कांवर आरोप आला: परवानगीवाचून कोल्ड स्टार्ट, निष्काळजीपणा. सिद्ध झाला तर बढती बंद आणि मशीनच्या खोलीतून कायमची बाहेर. ती खोली त्यांनी उभी केलेली. पहिल्या केबलपासून.

पण आम्हाला घोर नव्हता, कारण आमच्याकडे हात होते. दसऱ्याच्या आधीच्याच सभेत, शाळेच्या नळापाशी कप विसळताना, साहेबांनी स्वतः सांगितलं होतं की त्यांच्या एका गिऱ्हाइकाकडे नव्या आवृत्तीचा वॉर्म स्टार्ट अडकला आणि त्यांनी गुपचूप जुनी आवृत्ती परत चढवली. पोलादवाल्यानं मान डोलावून म्हटलं होतं, आमच्याकडेपण. वीजवाल्यानंही. बँकेतल्या एकानंही. चार तर हेच झाले, पाचवा सभेत मिळणारच होता; चौकशीच्या आधी पाच कागद मिळाले की आरोप कोसळणार. अक्का म्हणाल्या, "इतक्या वर्षांत खुर्चीत बसले नव्हते. आता बसते. पहिली लुखमी तरी खायला मिळेल."

त्याच आठवड्यात छापील निमंत्रण आलं. या खेपेची सभा शाळेत नाही. बंजारा टेकड्यांकडच्या एका मोठ्या हॉटेलात. दुपारचं जेवण सॉफ्टवेअर कंपनीतर्फे. विषय: नव्या युगाची वाटचाल.

हॉटेलच्या दारवानानं माझ्या चपलांकडे पाहिलं. अक्का ठेवणीतली नारायणपेठी नेसून आल्या होत्या, त्यांना त्यानं दार उघडलं. आत छातीवर लावायला नावाचे बिल्ले. सगळ्या खुर्च्या सारख्या, पांढऱ्या झुली घातलेल्या, पाठीला फुलासारखी गाठ. पडलेल्यांची कोणती आणि उभ्यांची कोणती, काही कळायला मार्ग नाही. साहेब पुढं आले. "या मॅडम, या." अक्कांची मॅडम झाली होती.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आज अक्का खुर्ची घेणार आहेत. त्यांनी आवाज खाली आणला.

"हे बघ, कंपनीचे लोक खास मुंबईहून आलेत. त्यांच्या पैशानं जेवायचं आणि त्यांच्याच तोंडावर त्यांची उणीदुणी काढायची, बरं दिसतं का? आपण वेगळं बोलू ना, शांतपणे. तुम्हा हैदराबादी मराठी लोकांचं बोलणं किती गोड असतं, पण तापता फार लवकर."

"गोड पाक तापलेला असताना अंगावर सांडला ना साहेब, तर कातडी सोलून निघते," मी म्हटलं.

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

पडद्यावर कंपनीच्या वाढीचे बाण वर वर चालले होते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते, निवडक घेणार होते. मी चिठ्ठी लिहिली नाही. दिवे लागले तशी उठले आणि मागच्या रांगेतून ओरडले, "इस महिने किसकी गिरी?"

जुन्या लोकांत हशा पिकला. सवयीचा हशा, आवरायच्या आत बाहेर पडलेला. टाळ्यासुद्धा वाजल्या दोन-चार, आणि मग वाजवणाऱ्यांनी आपले हात पाहिले. अक्का उठल्या. पुढं गेल्या. पडलेल्याची वेगळी खुर्ची नव्हती म्हणून पहिल्या रांगेतली एक मोकळी ओढली. झूल निसटून लोळत राहिली. पडद्याखाली खुर्ची मांडून त्या आमच्याकडे तोंड करून बसल्या. मागचा बाण त्यांच्या केसांतून वर गेलेला दिसत होता. त्यांनी जे घडलं ते सांगितलं. कुणाला शिवी नाही, इंजिनिअरचं नाव नाही, जसं वर्गात सांगतात तसं. आणि म्हणाल्या, "हात."

मला आजही त्या खाली राहिलेल्या हातांचा राग येतो. पोलादवाला पाण्याचा ग्लास बघत होता. वीजवाला बिल्ला सरळ करत होता. साहेबांनी दोन्ही हातांनी माइक धरला होता, जणू तो पळून जाईल.

एकच हात वर गेला. मास्तरांचा. हे निवृत्त गृहस्थ, अमीरपेठेतल्या एका क्लासात पोरांना हेच सॉफ्टवेअर शिकवायचे. साहेब माइकमध्ये फार मायेनं म्हणाले, मास्तर, तुमच्याकडे स्वतःचं मशीन नाही, कचेरीचा कागद नाही. तुमचा हात नियमाप्रमाणे धरता येत नाही. म्हणजे आमचा सगळा रिवाज मोडून, जेवढा सोयीचा होता तेवढा एक नियम त्यांनी शिल्लक ठेवला होता. मास्तरांनी हात खाली घेतला नाही. म्हाताऱ्या कोपराला दुसऱ्या हातानं आधार देऊन, जेवण जाहीर होईपर्यंत वर धरून ठेवला.

लोकांनी नंतर मला कारणं सांगितली. एकाचं अमेरिकेचं काम त्या कंपनीच्या शिफारशीवर अडलेलं. एकाच्या वरच्यानं ताकीद दिलेली. एक म्हणाला, दोन पोरी लग्नाच्या आहेत. अक्कांनाही पोटं होती की घरात! कारणं सगळ्यांकडे असतात. हात असूनही कारण दाखवणं, याला मी भित्रेपणा म्हणते आणि छापून म्हणते. पत्रकांनी मला एक चुकीचं शिकवलं होतं. पत्रकातला शत्रू नेहमी सुटाबुटात, दुरून येतो. हा आमच्याच बाकावर गुडघे मुडपून बसलेला, आमच्यासाठी लुखम्या आणणारा.

निघताना साहेबांनी अक्कांना गाठलं. म्हणाले, चौकशीच्या भानगडीत कशाला पडता, राजीनामा द्या, प्रकरण आपोआप मिटेल, आणि माझ्याकडे या. तिकडे काय ठेवलंय आता? पगार दुप्पट देतो.

अक्का म्हणाल्या, "मी तुम्हाला नोकरी नव्हती दिली. हात दिला होता."

चौकशीत मी साक्ष दिली. मला एकच प्रश्न विचारला गेला, फोनवरचा पलीकडचा आवाज तुम्ही स्वतः ऐकला का? नाही. बसा. संपलं. अक्कांची बढती बंद झाली आणि त्यांना दर्शनी भागातल्या चौकशी खिडकीवर बसवलं, जिथं विक्रेते येऊन ओरडतात. मशीनच्या खोलीचं काचेचं दार त्या खिडकीतून दिसायचं.

मी काय करणार? पत्रक लिहिलं. नावं घातली नाहीत, पण कोण कुठल्या रांगेत बसला होता आणि त्याचा हात तेव्हा कुठं होता, ते एकेकाचं लिहिलं. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं पत्रक. पहिली प्रत अक्कांना नेऊन दिली. त्यांनी पूर्ण वाचलं, घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि वाकून टेबलाच्या पायाखाली सारली.

"छान लिहिलंस. टेबल केव्हाचं हलत होतं."

मी चिडून निघाले तर म्हणाल्या, असली यादी लावून हात वर होत नसतात गं. शाळेत जा आणि आपला वर्ग मागून घे.

वर्ग मिळाला. शिपायानं फक्त एवढंच विचारलं की मधे कुठं गेला होतात. पहिल्या सभेला मास्तर, अक्का, मी आणि मास्तरांच्या क्लासातून निघून नुकते नोकरीला लागलेले तिघं-चौघं. खुर्ची रिकामीच राहिली. चहा मास्तरांनी आणला, लुखमी कुणी आणली नाही. हॉटेलातली सभा तिकडे चालूच होती, तिथं कुणाचंच मशीन कधी पडत नव्हतं. हळूहळू एकेक जण दुपारी तिकडे जेवून संध्याकाळी इकडे येऊ लागला. पोलादवाला आला, वीजवाला आला, बँकवालाही आला. मागच्या बाकावर बसायचे. मी त्यांच्याशी बोलत नसे. अक्का बोलायच्या.

आणि एका शनिवारी साहेब आले. हातात लुखमीचं पुडकं. दारात चपला काढायची गरज नसते तरी त्यांनी बूट काढले. मास्तरांनी नेहमीसारखं विचारलं, "इस महिने किसकी गिरी?" साहेब जाऊन खुर्चीत बसले. टाळ्या वाजल्या, रिवाज तो रिवाज.

त्यांच्या परदेशी गिऱ्हाइकाकडे नवी आवृत्ती चढवणं भागच पडलं होतं. वॉर्म स्टार्ट अडकला. इंजिनिअरनं फोनवर कोल्ड करायला सांगितलं. अर्धी कामं लटकली. आता कंपनी म्हणते, आम्ही फक्त पर्याय सांगितले. गिऱ्हाईक कंत्राट मोडणार, साहेबांच्या हाताखालच्या पोरांना घरी बसावं लागणार. शब्द न् शब्द आमचा. मी तर पुढचं वाक्य त्यांच्या आधी ओठांनी म्हणत होते. शेवटी ते म्हणाले, "हात." आणि अक्कांकडे पाहून, "अक्का."

मॅडमची पुन्हा अक्का झाली.

अक्कांनी हात वर केला. तसाच, त्या पहिल्या दिवशीसारखा. "आमच्याकडे दसऱ्याला. देते लिहून."

पोलाद, वीज, बँक, सगळ्यांचे हात वर गेले. आता धोका नव्हता ना; आता साहेबच खुर्चीत होते. आणखी एक मास्तरांचा जुना विद्यार्थी होता, त्याच्या कचेरीतही तेच झालेलं. पाच झाले. मग मास्तर घसा खाकरून म्हणाले, अक्का, माफ करा, पण तुम्ही आता मशीनवर नाही. तुमच्या कचेरीचा हात हिचा.

सगळे माझ्याकडे वळले. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले होते.

"आधी अक्कांसाठी लिहा," मी साहेबांना म्हटलं. "तुमच्या कंपनीच्या कागदावर. दसऱ्याच्या आधी तुमच्याकडे काय पडलं होतं ते. पोलाद, वीज, बँक, तुम्ही तिघंपण. इथं, आत्ता. मग माझा हात."

"सोमवारी पाठवतो, नक्की," साहेब म्हणाले.

"मग माझा हातही सोमवारी."

अक्का मला म्हणाल्या, "हाताचा सौदा करतात का गं?" त्यांचा आवाज मी कधी इतका कडक ऐकला नव्हता. चौकशीतसुद्धा नाही.

मी हात काढले नाहीत. साहेबांनी बॅग उघडली, सातवीच्या बाकावर गुडघे मुडपून बसले आणि लिहायला लागले. बाकीच्यांनीही लिहिलं. लुखम्या तोवर गार झाल्या. त्यांची सही वाळली तेव्हा मी हात वर केला. आमच्या कचेरीचा कागद मी सोमवारी कुणाला न विचारता उचलला, तेही सांगून टाकते. हवी तर माझीही चौकशी करा.

साहेबांचं काम पटकन झालं. कंपनीनं दुरुस्ती पाठवली, कंत्राट वाचलं, पोरं नोकरीत राहिली. त्या कागदांच्या जोरावर केलेल्या अक्कांच्या अपिलाला मात्र पावसाळा उलटून गेला. आरोप रद्द झाल्याचा कागद आला, त्यावर दिलगिरीचा एक शब्द नव्हता. त्या मशीनच्या खोलीत परत जायला निघाल्या तर ती खोलीच आमची राहिली नव्हती. संगणक केंद्र चालवायचं कंत्राट बाहेर देऊन टाकलं होतं. खर्च वाचतो म्हणे. कुणाला दिलं ते विचारू नका, माझ्या तोंडून साहेब हा शब्द पुन्हा निघेल.

म्हणून अक्का आजही खिडकीवरच आहेत, निर्दोष. काचेपलीकडं साहेबांची पोरं मशीन चालवतात, आणि पडलं की दार ढकलून खिडकीशी येतात आणि विचारतात, अक्का, आता काय करायचं? त्या सांगतात. फुकट सांगतात. मी म्हणते, सांगू नका, पडू द्या. त्या म्हणतात, मलकपेठच्या बायकांनी काय घोडं मारलंय तुझं?

त्या शनिवारच्या सौद्यावरून आमचं अजून जुळलेलं नाही. त्यांच्या मते मी हाताला किंमत लावली आणि आता पुढचा प्रत्येक जण लावेल. माझ्या मते किंमत हॉटेलातच लागली होती, मी फक्त वसूल केली. नारायणगुड्याला जाताना वाटेत आम्ही यावर भांडतो आणि शाळेच्या फाटकाशी थांबतो, कारण आत दुसऱ्या कुणाचं तरी मशीन पडलेलं असतं. गेल्या खेपेला खुर्चीत साहेबांचा एक पोरगा होता, आमच्याच मशीनवरचा. पहिला चहा त्यानंही न पिताच समोरच्या बाकावर ठेवला होता. त्यानं "हात" म्हटलं. कंत्राट गेल्यापासून ज्या मशीनपाशी मीही नाही, त्याच्याबद्दल लिहून द्यायचा मला अधिकारच उरला नव्हता. अक्कांना तर केव्हाचाच नव्हता.

अक्कांनी तरी वर केला. मास्तरांनी कोपराला आधार देऊन आपला वर केला. न धरले जाणारे दोन हात. मग मी शिव्या पुटपुटत तिसरा वर केला.